एकत्र कुटुंबाची चूल व घरखर्चाचे भात

बियाणे, खते, रोग व बाजारभाव ह्यांविषयी शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते. परंतु पिकलेले धान्य शेवटी ज्या चुलीवर शिजते, त्या चुलीचा विचार आपण शेतकरी लोक क्वचितच करतो. स्वयंपाक हे बायकांचे काम, त्यात पुरुषांनी काय पाहावयाचे, अशी आपली समजूत असते. आमचे आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले. ठाणे व कल्याण तालुक्यांतील वाटपाचे अनेक कागद आमच्या हातून गेले. त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, जमिनीचे वाटप कचेरीत होण्यापूर्वी पुष्कळदा ते चुलीपाशी झालेले असते. भाऊ भाऊ गुंठ्यागुंठ्याचा हिशोब करतात. पण घरात धान्य किती लागते, ते कोण आणतो, ते रांधण्यास किती श्रम पडतात व रांधणारीच्या ताटात शेवटी काय उरते, ह्याचा हिशोब कोणीच ठेवलेला नसतो. हिशोब नाही म्हणून संशय, संशयातून धुसफूस व धुसफुशीतून वेगळी चूल, असा हा क्रम आहे. जमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. चुलीचे तुकडे होऊ नयेत ह्यासाठी कायदा होणे नाही. सबब त्याची तजवीज घरच्या घरीच केली पाहिजे. ती कशी करावी, हे ह्या लेखात मांडले आहे.

येथे आरंभीच एक खुलासा करतो. आपल्या बाजूस टरफलासकट धान्यासही भात म्हणतात व शिजविलेल्या तांदुळासही भात म्हणतात. ह्या लेखात भात म्हणजे टरफलासकट धान्य समजावे. ताटातल्यास आम्ही शिजला भात म्हणू.

आपल्या भागातील घराची स्थिती

उल्हास, काळू व भातसा ह्या नद्यांच्या काठच्या गावांत आगरी, कुणबी, कोळी इत्यादी शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आली. बांधावर तूर, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल, माळावर नाचणी व वरी, असा जुना क्रम होता व पुष्कळ ठिकाणी तो आजही आहे. १८५३ साली ठाण्यापर्यंत व पुढल्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि ह्या घरांना दुसरा आधार मिळाला. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाल्यावर तर कित्येक गावे शहराच्या पोटातच आली. आज येथील मोठ्या घरात एक भाऊ शेती पाहतो, दुसरा कारखान्यात जातो, तिसरा पहाटेच्या लोकलने मुंबईस जातो, सुनांपैकी एखादी शाळेत किंवा कचेरीत नोकरीस असते, मुले शाळा-कॉलेजांत, आणि दोन म्हातारी माणसे ओटीवर. जेवणारे पंधरा, परंतु जेवणाच्या वेळा पाच, असा हा संसार आहे.

पूर्वीच्या मोठ्या घरात सर्वांची पंगत एका वेळी उठत असे. आज पहिला डबा पहाटे साडेपाचास हवा, शेतावरची न्याहारी आठास, म्हाताऱ्यांचे जेवण अकरास, मुलांचे दोनास व रात्रीचे जेवण गाड्यांच्या वेळेवर अवलंबून. म्हणजे माणसे तितकीच असली तरी चुलीचे काम वाढले आहे. ही गोष्ट ध्यानात न घेता 'आमच्या आईने वीस माणसांचे केले' असे सुनांस ऐकविणे न्यायाचे नव्हे.

घरखर्चास किती धान्य लागते

आता पंधरा माणसांच्या घराचा आकडा मांडू. त्यात नऊ कर्ती माणसे, चार मुले व दोन वृद्ध आहेत असे धरू. भाकरी व शिजला भात मिळून कर्त्या माणसास दिवसाचे ३५० ग्रॅम, मुलास २०० ग्रॅम व वृद्धास २५० ग्रॅम तांदूळ लागतो असे समजू. ज्या घरात गव्हाची चपाती अधिक चालते तेथे हा आकडा कमी धरावा.

कर्ती माणसे ९, दररोज ३ किलो १५० ग्रॅम
मुले ४, दररोज ८०० ग्रॅम
वृद्ध २, दररोज ५०० ग्रॅम
एकूण दररोज ४ किलो ४५० ग्रॅम

म्हणजे वर्षाचे सुमारे १६ क्विंटल २५ किलो झाले. पाहुणे, सणवार, लावणी-कापणीचे मजूर ह्यांसाठी ह्यावर दशांश वाढविला म्हणजे जवळजवळ १८ क्विंटल तांदूळ झाला. शंभर किलो भातापासून गिरणीत सुमारे ६५ किलो तांदूळ निघतो असे धरले, तर १८ क्विंटल तांदुळास साधारण २८ क्विंटल भात पाहिजे. शिवाय बियाण्यास एक क्विंटल व सुकवण, उंदीर, किडे ह्यांपायी जाणाऱ्या घटीस एक क्विंटल धरला, म्हणजे एकंदर ३० क्विंटल भात घरात राहिले पाहिजे.

एकरी दहा क्विंटल भात होते असे मानले, तर तीन एकरांचे सर्व पीक घरातच खपते. तीन एकरवाल्यास विकावयास दाणा नाही. पाच एकरवाल्यास वीस क्विंटल आहे. ही गोष्ट कागदावर मांडली नाही तर काय होते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवाळीनंतर हातात पैसा हवा म्हणून खळ्यावरूनच भात जाते, आणि ज्येष्ठात घरधनी दुकानातून तांदुळाची गोण खांद्यावर आणतो.

ह्या व्यवहारातील तोटा पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने साधारण प्रतीच्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली. त्या दराने २८ क्विंटल भाताचे ६६,३३२ रुपये येतात. तेवढ्या भाताचा १८ क्विंटल तांदूळ दुकानातून किलोस ५० रुपये दराने परत घ्यावयाचा म्हटले तर ९०,००० रुपये पडतात. भरडाई व वाहतूक वजा केली तरी तोटा उघड आहे. शिवाय कोंडा गुरांच्या तोंडचा जातो तो वेगळाच. आपल्या गावच्या बाजाराचा भाव घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा. तात्पर्य, आधी बेगमी व मग विक्री, हा नियम मोडू नये.

ह्याच आकड्याचा दुसरा उपयोग असा की, शेती करणाऱ्या भावाचा घरातील वाटा त्यातून कळतो. नोकरीवाला भाऊ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोख रक्कम आईच्या हाती ठेवतो. ती सर्वांस दिसते. शेतकरी भावाने कणगीत ओतलेले भात मात्र घरचेच म्हणून कोणी मोजत नाही. वरील आधारभूत दरानेच पाहिले तरी तो दरमहा साडेपाच हजार रुपयांचे धान्य चुलीस देत असतो. हे एकदा वहीत लिहिले गेले, म्हणजे 'तुझे काय, तू घरीच असतोस' हे घर फोडणारे वाक्य उच्चारण्यास कोणी धजणार नाही.

रेशनच्या धान्यावर भिस्त ठेवावी काय, असे कोणी विचारतील. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा पस्तीस किलो धान्य मिळते. पाच किलो म्हणजे दिवसास १६७ ग्रॅम. गरिबास तो मोठा आधार आहे. पण कर्त्या माणसाची भूक त्याने निम्मीच भागते, आणि पुष्कळ खातेदार कुटुंबे त्या यादीत बसतही नाहीत.

कोणते भात घरास, कोणते बाजारास

आमच्या भागातील जुनी रीत अशी की, जाडे भात घरास व बारीक बाजारास. ह्यात केवळ काटकसर नव्हती. जाड्या तांदुळाची भाकरी चांगली होते, कष्टाच्या माणसाच्या पोटात ती टिकते, आणि बारीक तांदुळास भाव अधिक मिळतो. वाडा तालुक्यातील वाडा कोलम ह्या बारीक जातीस २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यामुळे बारीक भाताचे मोल आता सर्वांस कळले आहे. तेव्हा लावणीपूर्वीच चुलीचा आकडा काढून किती वाफे जाड्यास व किती बारकास द्यावयाचे हे ठरवावे. पेरणीच्या बेतास घरातील वडीलधाऱ्या बाईस बसवावे. भाकरीस कोणता तांदूळ चिकट, पेजेस कोणता गोड, हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते.

नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, जुना मोकळा होतो व फुगतो. म्हणून मोदक व भाकरी ह्यांस नवा आणि रोजच्या शिजल्या भातास जुना, अशी विभागणी ठेवावी. ती ठेवण्यासाठी मागील सालची थोडी शिल्लक कणगीत असणे हे संपन्न घराचे लक्षण होय.

साठवण

भात घरात राहिले म्हणजे झाले असे नाही. ते टिकले पाहिजे. सरकारी खरेदीस १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते, पण वर्षभर घरात ठेवावयाच्या भातात ती १२-१३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. झोडणीनंतर कडक उन्हात पातळ पसरून, मधून मधून पाय फिरवून ते वाळवावे. दाणा दातांखाली धरला असता कट असा आवाज होऊन तुटला पाहिजे; दबला तर अजून ऊन पाहिजे. वाळलेले भात ऊन असतानाच भरू नये. रात्री निवू द्यावे व सकाळी भरावे.

कणगी बांबूची असो की पत्र्याची, ती जमिनीस व भिंतीस लागून नसावी. खाली लाकडी फळ्या व भिंतीपासून हातभर अंतर ठेवले म्हणजे ओल चढत नाही व उंदराचा माग दिसतो. बांबूची कणगी दरवर्षी शेणामातीने लिंपून पूर्ण वाळवावी. भरताना थराथरांत कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा वाळलेला पाला घालण्याची रीत चांगली आहे. जुन्या भातावर नवे कधीही ओतू नये. जुन्यातील पतंग व सोंडे नव्यात शिरतात. बियाण्याचे भात वेगळ्या भांड्यात, चिठ्ठी लावून ठेवावे, नाहीतर वैशाखात पाहुणे आले म्हणजे तेही गिरणीत जाते.

येथे एक सक्त सूचना करतो. किड्यांसाठी अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या काही लोक राहत्या घरातील धान्यात ठेवतात. त्यांतून निघणारा वायू जसा किड्यास मारतो तसाच माणसास मारतो. बंद खोलीत निजलेली लहान मुले त्यास प्रथम बळी पडतात. ह्या गोळ्या वापरण्याचा अधिकार परवानाधारक इसमांसच आहे. दाण्यासाठी माणूस गमावण्याचा हा प्रकार कोणीही करू नये. त्याचप्रमाणे बुरशी आलेले धान्य धुऊन, उन्हात टाकून घरात किंवा गुरांस घालू नये. बुरशीचे विष धुण्याने वा शिजविण्याने जात नाही.

भरडाई व पॉलिश

साठवण भाताची करावी, तांदुळाची करू नये. टरफल हे दाण्याचे चिलखत आहे. तांदूळ काढला म्हणजे त्याच्या अंगावरील कोंड्यातील तेल हवेने खवट होऊ लागते व किडाही लवकर लागतो. म्हणून महिन्यापुरते, म्हणजे आपल्या पंधरा माणसांच्या घरासाठी साधारण दोन सव्वादोन क्विंटल भात गिरणीस न्यावे. जुन्या हलरमध्ये दाणा अधिक मोडतो व कोंडा तुसात मिसळून जातो. रबरी रोलच्या यंत्रात तांदूळ अधिक निघतो व कोंडा वेगळा मिळतो. जवळ अशी गिरणी असेल तर थोडे अंतर अधिक चालावे.

गिरणीवाल्यास पॉलिश कमी ठेवण्यास सांगावे. पांढराशुभ्र तांदूळ पाहुण्यास शोभतो, पण त्याचे सत्त्व कोंड्याबरोबर गेलेले असते. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर आईकमान ह्यांस असे दिसले की, सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंडा दिला की बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी नावाच्या रोगाचे मूळ त्यावरून उलगडले व १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदुळाचा पुरस्कार केला, त्यातही आरोग्याचा हा विचार होता. आज मुसळाने सडण्याचे कष्ट सुनांवर घालावे असे आम्ही म्हणत नाही. यंत्रानेच कमी सडून घ्यावे, इतकेच. असा तांदूळ शिजण्यास थोडा वेळ अधिक घेतो, म्हणून अर्धा तास आधी भिजत घालावा. शिजविताना निथळलेली पेज टाकून देऊ नये. सत्त्वाचा बराच अंश तीत उतरलेला असतो. मीठ घालून ती न्याहारीस प्यावी किंवा आमटीत घालावी.

कणीचे पीठ भाकरीस, कोंडा गुरांस, असा सर्वांचा उपयोग करावा.

तांदुळाची सोबत

नुसत्या तांदुळाने शरीर बांधले जात नाही. तांदुळात जो अंश उणा तो कडधान्यात आहे व कडधान्यात जो उणा तो तांदुळात आहे. म्हणून शिजला भात व वालाचे बिरडे, किंवा भाकरी व तुरीची आमटी ही जोडी पूर्वजांनी अनुभवाने बसविली. भाताच्या शेतात ओलीवर घेतलेला वाल घरखर्चासाठी प्रथम बाजूस काढावा. पंधरा माणसांस माणशी दिवसाला ४० ग्रॅम कडधान्य धरले तर दररोज ६०० ग्रॅम व वर्षास सुमारे दोन क्विंटल वीस किलो लागते.

बिरड्याची कृती सर्वांस ठाऊक आहे, पण तिच्यातील श्रम पुरुषांस ठाऊक नसतात. वाल रात्रभर भिजवावे, निथळून फडक्यात बांधून मोड आणावे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दाबून सोलावा. पंधरा माणसांस सव्वा किलो वाल धरले तर सोलणे एका बाईस तास दीड तास पुरते. तेच सायंकाळी दूरदर्शनासमोर बसलेल्या सहा जणांनी परात मध्ये घेऊन केले तर पाव तासात उरकते. सोललेल्या बिरड्यास हिंग, जिरे, लसूण, हिरवी मिरची ह्यांची फोडणी, नंतर ओले खोबरे, आमसूल व थोडा गूळ, एवढे पुरे. वाटणाचा फार घोळ घालू नये. भिजविल्याने व साल काढल्याने वालाचा कडवटपणा जातो, मोड आल्याने ते पचनास हलके होतात.

नाचणी टाकून देण्यात आपण मोठे नुकसान करून घेतले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदुळात ते दहाच्या आसपास. २०२३ हे वर्ष सर्व जगात भरडधान्यांचे म्हणून पाळले गेले, तेव्हा शहरातील लोक दुकानातून महागाने नाचणी घेऊ लागले. आपण मात्र माळ ओसाड ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस नाचणीची भाकरी किंवा सकाळी आंबील ठेवल्यास मुलांच्या व बाळंतिणीच्या हाडांस बळ येते.

पावसाळ्याच्या तोंडी सुकट, जवळा, बोंबील ह्यांची बेगमी मांसाहारी घरांत होतेच. जवळा काट्याकवचासह खाल्ला जातो, म्हणून त्यापासूनही चुना मिळतो. वाळवण नीट कडक करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पहिल्या सरींबरोबर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी ह्या भाज्या बांधावर फुकट येतात. शेवळे मात्र जपून करावी. तिच्यात सुईसारखे सूक्ष्म खडे असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून काकडांच्या फळांचा रस किंवा चिंच घालून चांगली शिजवावी. ओळख नसलेली रानभाजी केवळ हिरवी म्हणून आणू नये. जाणत्या बाईस दाखवूनच रांधावी.

श्रमांची वाटणी

आमच्या पंधरा माणसांच्या घरात दिवसास पंचेचाळीस भाकऱ्या लागतात असे धरा. भाकरीस ६० ग्रॅम पीठ म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम पीठ. उरलेला पावणेदोन किलो तांदूळ शिजल्या भातास. एका भाकरीस थापण्या-भाजण्यास अडीच मिनिटे धरली तरी जवळजवळ दोन तास एक बाई तव्यापुढे आहे. ह्यात उकड काढणे, मळणे, भाजी चिरणे, डबे भरणे, भांडी घासणे धरलेले नाही. लावणीच्या दिवसांत हीच बाई त्यानंतर चिखलात उतरते.

म्हणून चुलीच्या कामाची पाळी लिहून ठेवावी. एक आठवडा एकीकडे पहाटेचे डबे, दुसरीकडे दुपारचे, तिसरीकडे रात्रीचे. पुढील आठवड्यात फिरवावे. नोकरीस जाणाऱ्या सुनेस पहाटेचे किंवा रात्रीचे एक काम नेमून द्यावे, म्हणजे 'ती बाहेर मिरविते व आम्ही राबतो' ही भाषा निघत नाही. आणि तिच्यावर दोन्ही वेळा लादू नये, म्हणजे तीही वेगळ्या बिऱ्हाडाची स्वप्ने पाहत नाही. गिरणीस जाणे, दळण, बाजार, मासळी साफ करणे, बिरडे सोलणे, रात्रीची मोठी भांडी हलविणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी घ्यावी. त्यात कमीपणा कसला? पंढरीच्या वाटेवर दिंडीतले पुरुष पाणी भरतात, भाजी चिरतात. घरी मात्र पाण्याचा तांब्याही हातात पाहिजे, हे योग्य नव्हे.

धुराविषयीही दोन शब्द. गॅस असूनही भाकरीसाठी चूल ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. ठेवावी, पण चुलीवर धुराडे व समोर खिडकी पाहिजे. दोन तासांचा धूर डोळ्यांस व छातीस रोज मिळणे हा लहान खर्च नाही.

शेवटचे ताट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला तिच्याकडे वळतो. मोठ्या घरात पुरुष, मुले, पाहुणे जेवल्यावर बायका बसतात, व त्यांतही जिने रांधले ती शेवटी. पातेल्यात तोवर शिजला भात उरतो. बिरडे, मासळी, भाजी संपलेली असते. ती भातावर पेज ओतून, वर मिरची चावून उठते. कोणी तिला उपाशी ठेवीत नाही, कोणाचा हेतू वाईट नाही; परंतु रोजचा परिणाम उपाशी ठेवण्याचाच होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकींच्या अंगात रक्त कमी आढळले. कणगी भरलेल्या घरातही हे घडते, कारण धान्याची उणीव नसून वाटपाची आहे. अशक्त मातेचे मूल अशक्त जन्मते व बाळंतपणात तिच्याच जिवास धोका असतो. बैलास पेंड कमी पडली तर आपण रात्री उठून पाहतो. घरातील बाईचे ताट मात्र कोणी पाहत नाही.

उपाय सोपा आहे. स्वयंपाक उतरताच, पहिले ताट वाढण्यापूर्वी, रांधणाऱ्यांचा बिरड्या-भाजीचा वाटा वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवावा. तो पाहुण्यासही वाढू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या सुनेस पहिल्या पंगतीस बसवावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण अन्नातील लोह अंगी लागण्यास तो अडथळा करतो. त्याऐवजी लिंबाची फोड किंवा आवळा असावा, त्याने लोह अधिक मुरते. हा नियम सासूने घालावयाचा व घरधन्याने पाळावयाचा आहे. घरधन्याने एकदा विचारले की, 'तुमचे काढून ठेवले का?' म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सर्व घर विचारू लागते.

जमीन गेलेल्यांनी काय करावे

आमच्या भागात आज हा प्रश्न टाळता येत नाही. शहराच्या वाढीत, कारखान्यांत, रस्त्यांत जमिनी गेल्या. समृद्धी महामार्गाचा शेवटचा भाग जून २०२५ मध्ये इगतपुरीहून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत खुला झाला. त्यासाठीही शहापूर, कल्याण व भिवंडी तालुक्यांतील भूमी लागली. मोबदला घेण्यात वावगे काही नाही. परंतु एक एकर जमीन म्हणजे दहा क्विंटल भात, म्हणजे साडेसहा क्विंटल तांदूळ, म्हणजे पाच कर्त्या माणसांचे वर्षाचे अन्न, हे गणित सही करण्यापूर्वी घरातील बायकांस समजावून सांगितले पाहिजे. मोबदल्यातून बंगला व मोटार आली, आणि पाच वर्षांनी महिन्याचा किराणा उधारीवर चालला, अशी घरे वाचकांनीही पाहिली असतील.

ज्यांची सर्व जमीन गेली त्यांनी रकमेतून निदान चुलीच्या वर्षाच्या खर्चाएवढे व्याज येईल इतकी ठेव वेगळी बांधावी, व तिला घराच्या कोणत्याही कार्यात हात लावू नये. सुगीच्या वेळी शेती राखलेल्या भाऊबंदाकडून वर्षाचे भात एकदम घ्यावे. त्यास बाजारापेक्षा चार पैसे अधिक मिळतात व आपणांस दुकानापेक्षा कमी पडतात. ज्यांची थोडी उरली आहे त्यांनी निदान घरखर्चाचे तीन एकर शेवटपर्यंत सोडू नयेत.

वही कशी ठेवावी

पिकाची पाहणी २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवर नोंदवितो. त्याच शिस्तीने चुलीची एक साधी वही ठेवावी. पहिल्या पानावर घरातील माणसे व त्यांचे रोजचे प्रमाण. दुसऱ्यावर कणगीत भरलेले भात, बियाणे, व दरमहा गिरणीस गेलेले वजन. तिसऱ्यावर वाल, तूर, नाचणी, मीठ, मिरची, तेल, सुकी मासळी. चौथ्यावर प्रत्येक भावाने दिलेली रोख रक्कम किंवा धान्य, धान्याची किंमत बाजारभावाने लावून. पाचव्यावर आठवड्याची पाळी. वही घरातील शिकलेल्या सुनेकडे द्यावी व महिन्याच्या अमावास्येस सर्वांपुढे वाचावी. जुनी माणसे पायली-शेरांत मोजतात. त्यांच्या पायलीत आपले भात किती किलो भरते ते एकदा तोलून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे, म्हणजे वाद राहत नाही.

येत्या कापणीस खळ्यावर व्यापारी येण्यापूर्वी पहिली दोन पाने भरलेली असावीत, आणि घरखर्चाचे भात कणगीत पडल्यावाचून काट्यावर पोते चढवू नये.